ग्रीस: साफ इनकार!

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं अन् राजधानी नवी होती, तेव्हा रायपूरच्या आमच्या ऑफिसात माणसं आधी आली अन् टेबलं नंतर! त्यात भोपाळला परत जाणाऱ्यांची लिस्ट आज येते की उद्या, या काळजीनं कोणी खुर्चीत टिकत नव्हतं. मग किस्से नाही साचणार तर काय!

आमचे हेडक्लार्क दहीकर काका मूळचे वर्ध्याचे, बायको-पोट्टी भोपाळला. दारातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम त्यांचं. पण वाटणीत भोपाळहून विश्वकोशाचा एकच खंड आलेला, ‘ग’चा. त्यामुळे दिनविशेष निघे तो ग्रीसचाच!

*

अठ्ठावीस ऑक्टोबर. दुसऱ्या महायुद्धात याच दिवशी इटलीनं सैन्यासाठी वाट मागितली अन् ग्रीसनं सरळ नकार दिला. काकांनी ठळक लिहिलं, “ग्रीस: साफ इनकार!”

आमचा ड्रायव्हर साहू फळ्यापुढे थांबला. जीपची चाकं महिनाभर वंगणाविना करकरत होती.

“हव साहब,” तो म्हणाला, “स्टोर वाले ने भी यही बोला!”

*

अकरा वाजता नवे साहेब आले. फळा दोनदा वाचला.

“ग्रीस ने किसकी परमिशन से इनकार किया?”

काका उठून उभे राहिले. “सर, वो फाइल भोपाल में रह गई.”

साहेब म्हणाले, “मंगवा लीजिए!”

*

दुपारी डबे उघडल्यावर काकांनी सांगितलं, “त्या नकाराची ग्रीसमध्ये दरवर्षी सुट्टी असते.”

बोरकर मॅडमची सुट्टी तीनदा नामंजूर झालेली. त्या उसळल्या, “अन् मी इथं वर्षभर ‘हव सर, हव सर’ करून राहिली, मले अर्धा दिवस नाही!”

*

दिवाळीनंतर लिस्ट आली. पहिलंच नाव काकांचं! त्यांनी भोपाळला फोन लावला, “येऊन राहिलो!” अन् लगेच ट्रंक भरायला घेतली.

ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या खोलीवरून मीच त्यांना स्कूटरवर स्टेशनला नेलं. भरदुपारी गाडी आली. सामान चढवलं, पाया पडलो. शिट्टी झाली, अन् काका ट्रंक घेऊन खाली!

“काहून काका? काही राहिलं का?”

“समोरच्यानं विचारलं, कुठचे तुम्ही?” गाडी हलली. काका तिच्याकडे पाहत राहिले. “माह्या तोंडातून रायपूर निघालं.”