पाठमोरी सुगंधा

दीड महिना होत आला असेल. सकाळी फोन वाजला आणि घाटंजीहून सुगंधाची लेक वंदना बोलू लागली. "मावशी, आई गेली..." मी काही म्हणायच्या आत ती पुढे म्हणाली, "तुमच्यापाशी तो लुंबिनीचा फोटो हाये ना? आई म्हने, मी मेल्यावर तोच लावजा, दुसरा लावला तं पाहाच." गेलेल्या बाईनं जाता जाता दम दिला होता! रडावं की हसावं ते कळेना, म्हणून मी चष्मा शोधत बसले. तो डोळ्यांवरच होता.

सुगंधा आणि मी लग्न होऊन घाटंजीला एकाच ओळीत आलो. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये, माझे यजमान शाळेत मास्तर. छप्पन्न साली दोन्ही घरांनी सोबतच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले, उपास गेले, पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. अंघोळ झाली की सुगंधा तांब्या घेऊन तुळशीपाशी जायची, अर्ध्यात आठवायचं, मग तेच पाणी मिरचीच्या झाडाला घालायची. "मिरची तं काई देव नाई ना?" असं मला विचारायची. मी सातवी पास, त्यातून मास्तरांची बायको. मला सगळं येत होतं. "नाही," असं मी ठासून सांगायचे.

साठ साल उलटल्यावर कधीतरी लुंबिनीला जायचं ठरलं. मास्तर, मी, सुगंधा आणि तिची सासू. नागपूरला रेल्वेत असलेल्या माझ्या भावानं त्याचा डबा कॅमेरा दिला, आणि तिथून माझं डोकं फिरलं. पूर्ण प्रवासात तो कॅमेरा मी तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसले. कोणी हात पुढे केला की "उजेड जाईल आत!" म्हणून ओरडायचे, जसा काही उजेडाचा शोध मीच लावला होता. सुगंधा डब्यातल्या सगळ्यांना सांगत होती, "तिले हात नोका लावू, ती बाळंतीन हाये."

गोरखपूरच्या पुढे गाडी बदलली, मग बैलगाडी. परदेश म्हणजे काहीतरी वेगळं असेल म्हणून मी तोंडाला पावडर लावली आणि भावाचा काळा चष्मा चढवला. गाडीवानाला विचारलं, नेपाळ कधी येणार? तो म्हणाला, ते तर मघाच आलं. तीच शेतं, तेच कावळे, तसंच शेण. "हाच का तुमचा परदेस?" सुगंधानं विचारलं. माझी पावडर घामानं गळ्यापर्यंत आली होती.

लुंबिनीला विटांचे ढिगारे, एक तळं, बुद्धाच्या आईचं लहानसं देऊळ आणि लोखंडी कठड्यातला अशोकस्तंभ. देवळातल्या मूर्तीला तिथल्या बायांनी शेंदूर फासला होता. सुगंधा माझ्या कानाशी आली. "मास्तरीनबाई, आपन तं शेंदूर सोडला. अथी बुद्धाच्या आईलेच लावला. आता कसं?" मी म्हणाले, "ते नेपाळचं आहे." म्हणजे काय, ते मला आजही ठाऊक नाही.

मग फोटो. मास्तरांनी आम्हा तिघींना स्तंभापुढे उभं केलं आणि खाली मान घालून कॅमेऱ्यात पाहू लागले. मी गोरखपूरच्या स्टेशनवर पाठ केलेलं हसू काढलं. सुगंधा आणि तिची सासू मात्र स्तंभाकडे तोंड करून, हात जोडून उभ्या.

"सुगंधाबाई, इकडे फिरा. फोटो तोंडाचा काढतात."

"अन् त्याच्याकडं पाठ करू?"

"अहो, बुद्ध देव नाही. आणि हा तर नुसता दगडाचा खांब आहे."

"दगडच हाये तं मास्तर, इतक्या दूर कायले आनलं आमाले? अन् दगड नसंन, तं पाठ कशी दाखवू?"

सभा गाजवणारे मास्तर मान खाली घालून पुन्हा कॅमेऱ्यात पाहू लागले. सुगंधानं मला कोपरानं ढोसलं. "तू काहून तिकडं दात काढून राह्यली? फिर." आणि मी, सातवी पास, माझ्या हसण्यासकट फिरले. खटका दाबला गेला. रीळ तिथंच संपलं.

फोटो धुऊन आला तो तीन पाठींचा. कडेला वाकलेली सासू, आणि तिच्या शेजारी आम्ही दोघी, एकाच ताग्यातल्या पांढऱ्या साड्या, सारखीच उंची, सकाळी मीच घातलेले सारखेच अंबाडे. त्यातली कोणती कोण? जी ताठ उभी होती ती आपण, असा दोघींचाही दावा. यावर आम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत भांडलो.

वंदनाकडे आईचा दुसरा फोटो आधार कार्डावरचा. तो पाहून सुगंधाच म्हणाली होती, "हे कोन बाई धरून आनली?" म्हणून वंदना मला घेऊन यवतमाळच्या स्टुडिओत गेली. तिथला माणूस म्हणाला, एकटीचा मोठा करून देतो, कोणती ते दाखवा. वंदना माझ्याकडे वळली. "मावशी, तोंड नाई तं नाई, आईची पाठ तरी पक्की सांगा." मी चष्मा पुसला. ताठ ती मी, हे जन्मभर भांडून सांगितलेलं मला आता खरं वाटेना. आणि ताठ ती सुगंधा म्हणावं, तर तेही... सुगंधाला विचारलं असतं, ती नव्हती.

"कापू नका," मी म्हणाले. "आहे तसाच मोठा करा."

सुगंधाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शोकसभेच्या दिवशी तो फोटो बैठकीत लावला. माणसं येत होती, हात जोडून उभी राहत होती. दुसऱ्या फोटोंतली माणसं आपल्याकडे पाहत असतात. इथं आम्ही सगळे त्या बायांच्या मागे रांगेत उभे असल्यासारखे दिसत होतो, पुढे तो स्तंभ. वंदना ओंजळभर फुलं घेऊन आली आणि फोटोपुढे थबकली.

"मावशी, कोनापाशी ठेवू?"

"ठेव मधात," मी म्हणाले. "आमचं आमी पाहून घेऊ."