फोडणीपासून दूर ठेवलेली विमानं

आमच्या घरात फोडणी द्यायची असली की आधी स्वयंपाकघराचं दार लावावं लागे. आलेल्या बायकांना वाटायचं, हिच्या घरात काहीतरी चोरून शिजतंय. शिजायची साधी आमटीच. दार लागायचं ते विमानांसाठी.

माझा नवरा शिरोलीतल्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा आणि घरी आल्यावर प्लॅस्टिकची विमानं जोडायचा. मुंबईहून खोके यायचे, त्यात शेंगदाण्याएवढे तुकडे. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं विमान व्हायचं, कौतुक मात्र पूर्ण मापाचं लागायचं. एकेक विमान पुरं व्हायला महिने जात आणि तोवर घरभर रंगाचा वास. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. कुणाचा नवरा पत्ते कुटतो, कुणाचा कट्ट्यावर बसून सरकार पाडतो. माझं भांडण विमान पुरं झाल्यावर सुरू व्हायचं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आम्ही घर बांधलं. पुढच्या खोलीत एकच धड भिंत निघाली. तिच्यात फळ्या ठेवा, असं मी गवंड्याला जोत्यापासून सांगत होते. कागलहून येताना आईनं दिलेली पितळी भांडी मला तिथं मांडायची होती. घागर, कळशी, परात, दोन मोठे डबे. चिंच लावून घासली की आईच्या घरात तीच भांडी कशी दिसायची, हे मला डोळे मिटून सांगता येई. फळ्या झाल्या, रंग झाला, आणि एके दिवशी यांनी त्यांना सरकत्या काचा बसवून घेतल्या. आत ट्यूबलाइट. बाहेर कुलूप.

"अहो, ही भिंत माझी ठरलीती की," मी म्हणाले.

"भांडी कुठंबी ऱ्हातील. विमानाला धूळ चालत न्हाय."

भांडी पोत्यात बांधून कॉटखाली गेली. मला इतका राग आला होता की चार दिवस मी त्या खोलीत केर काढला नाही.

रविवारी अंघोळ झाली की विमानांची सफाई. पंखा बंद. खिडक्या बंद. तोंडाला रुमाल, कारण श्वासाची वाफ बसते म्हणे. खारीच्या केसांचा ब्रश, वारा मारायला औषधाच्या दुकानातला रबरी फुगा, कान कोरायच्या कापसाच्या काड्या. जेवलेलं ताट जागेवर सोडून उठणारा हा माणूस विमानाच्या चाकातली धूळ काडीनं टिपत बसायचा. मी नुसती शेजारून गेले तरी अंगावर यायचा: "हात लावू नको!"

पुढं त्यांना शोध लागला की नुसती धूळ वाईट नसते, फोडणीची तेलकट वाफ तिच्यात मिसळली की ती कायमची बसते. म्हणून ते दार. आणि उन्हाळ्यात चटणी करायची वेळ आली, तेव्हा मिरच्या आणि मसाला भाजायला घरात बंदी. कोल्हापुरात राहून वर्षाची चटणी करायला मी माहेरी जायची. भावजय दरवर्षी विचारायची, "वन्सं, तुमच्यात चूल पेटत न्हाय व्हय?" मी काय सांगणार? धूर विमानांना सोसत नाही म्हणून?

स्वयंपाकघरात मात्र एक विमान होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांनी जोडलेलं, पहिलंवहिलं. एक पंख खाली झुकलेला, काचेवर चिकटलेल्या अंगठ्याचा ठसा. यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं होतं. मी काढून घेतलं आणि ओट्यावरच्या फळीवर चटणीच्या बरणीशेजारी ठेवलं. प्रेमानं वगैरे नाही. नवीकोरी वस्तू टाकायचं माझ्या जिवावर आलं, इतकंच. नवरात्राच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुऊन निघते, तसं तेही दरवर्षी भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात बुडायचं. खंडेनवमीला विळी, सुऱ्या, अडकित्ता मांडून पूजा करताना त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. ते बघून हे म्हणायचे, "त्याला विमान म्हणू नको बाई."

एवढं जपून ती विमानं बघायची कुणी? यांना हवा होता समजणारा माणूस. आमच्याकडं यायची साधी माणसं. "पोराला आणलीसा व्हय?" असं विचारायची, नाहीतर किंमत. मग यांचा चेहरा पडायचा आणि कुलूप काही उघडायचं नाही. मला समजणाऱ्यात कधी धरलंच नव्हतं.

मग कुठंतरी वाचलं की ट्यूबच्या उजेडानं रंग विटतो. ट्यूब काढली. मग खिडकीचं ऊन नको म्हणून काचांवर पडदा आला. तरीही सरकत्या काचांच्या फटीतून धूळ जातेच म्हणून शेवटी एकेक विमान कापसात गुंडाळलं, थर्माकोलच्या खोक्यांत भरलं आणि माळ्यावर चढवलं. फळ्या रिकाम्या. काचांना कुलूप तसंच. पाहुणे घाबरून विचारायचे, "चोरी झाली काय हो?"

"आता तरी द्या की फळ्या," मी म्हणाले.

"समजणारा कोण आला की काढायची हाईत की." म्हणजे माझी भांडी कॉटखाली, यांची विमानं माळ्यावर, आणि मधल्या भिंतीत कुलूप लावून ठेवलेली हवा. अशी काही वर्षं गेली. मी कुणाला सांगायचंही सोडून दिलं.

आणि समजणारा माणूस आला. जयसिंगपूरचे एक निवृत्त गृहस्थ, स्वतः विमानं जोडणारे. कुणाकडून तरी यांचं नाव ऐकून आले. मी यांना इतकं आनंदलेलं आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. शिडी लावली, खोकी उतरवली, फळ्या पुसल्या, त्याही स्वतः. पहिलं खोकं उघडलं आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. झुरळं येऊ नयेत म्हणून स्वेटरमध्ये घालतात तशा प्रत्येक खोक्यात गोळ्या. त्या वाफेनं प्लॅस्टिक मऊ पडून पंख लोंबले होते. रंगात कापूस रुतला होता. चाकं थर्माकोलात वितळून बसली होती. दुसरं खोकं तसंच, तिसरंही तसंच.

"गोळ्या कुणी घातल्या?" पाहुण्यांनी हळूच विचारलं. यांनी माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नका," मी म्हणाले. "मला हात लावायची बंदी हाय."

खरं तर मला हसू यायला पाहिजे होतं. इतक्या वर्षांचा दावा आयता जिंकला होता. पण नुसता संताप आला. बंद दाराआड दिलेल्या सगळ्या फोडण्या, कागलच्या सगळ्या फेऱ्या त्या चिकट कापसात गेल्या होत्या.

पाहुणे हाताचा चिकटा धुवायला स्वयंपाकघरात आले. फळीवरचं विमान त्यांना दिसलं. त्यांनी बोटानं पुढचा पंखा टिचकवला, तर तो भरारा फिरला. "अरे, ह्याचा पंखा अजून फिरतोय की! वहिनी, तेल घालता व्हय?"

"फोडणीचं," मी म्हणाले.

ते गेल्यावर हे ओट्यापाशी आले. मग त्यांनीही पंखा फिरवून बघितला. "नुसत्या तेलानं असा फिरत न्हाय. कोण फिरवतंय ह्याला?"

"मी. भाकरी फुगंपर्यंत हाताला काय काम असतंय?"

"रोज?"

"मग? तुमच्या पावण्याची वाट बघत बसायची?"

त्यांनी खिशातून शोकेसची किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली. "तुझी भांडी लाव तिथं," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. "आणि हे एक... भांड्यांशेजारी ठेवूया का? चालंल तुला?"

मी तवा चढवला. "ऱ्हाऊ द्या हितंच," मी म्हणाले. "तिकडं धूळ बसती."