बेल वाहिलेला स्तूप

मिरजेला गाडी बदलली आणि डब्यातला आवाज एकदम वाढला. कोल्हापूरकडची मंडळी शेजारी बसलेल्याशीही बांधापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलतात. साताऱ्याच्या शाळेत संस्कृत शिकवणारा माझ्यासारखा हळू बोलणारा माणूस तिथे आजारी ठरतो. "पावणं, बरं न्हाय व्हय?" असं मला वाटेत तिघांनी विचारलं. (पावणं म्हणजे पाहुणे. ओळख असो वा नसो, त्या मुलखात सगळेच पाहुणे.)

बरं नव्हतंच. माझी पत्नी जाऊन अकरा महिने झाले होते आणि वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. मूलबाळ नाही, तेव्हा ते मीच करायचं. पण बौद्ध मताची पुस्तकं वाचून माझं ठरलं होतं, की आत्मा मुळातच नसेल तर पिंड कुणाला द्यायचा? माझ्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी वाद घातला नाही. "माझी मुलगी उपाशी राहील," एवढंच म्हणाल्या. कोल्हापूरजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, ती पाहून येतो आणि मग काय ते पक्कं सांगतो, असं म्हणून मी निघालो. खरं तर उत्तर लांबवत होतो.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांनी कारभार हाती घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि स्टेशनाबाहेर त्यांच्या पैलवानांवर कडाक्याचा वाद चालला होता. त्या वादातून बाबालाल नावाच्या गाडीवानाला सोडवून त्याच्या छकड्यात बसलो. दोन्ही बाजूंना ऊस होता. गुऱ्हाळं पेटली होती आणि मैलभर हवा गोड झाली होती.

"लेण्यात काय ठेवलंय?" बाबालालनं विचारलं.

मला हाच प्रश्न हवा होता. मी त्याला बौद्धांचा दृष्टान्त सांगितला. चाक म्हणजे गाडी नव्हे, आस म्हणजे गाडी नव्हे, जूही नव्हे. सगळं वेगळं काढलं तर गाडी म्हणून काहीच उरत नाही. माणसाचंही तसंच.

त्यानं बैल थांबवले. "मग उतरा की."

"का?"

"गाडीच न्हाय म्हंतासा. न्हाई त्या गाडीत बसून माझी बैलं कशापायी दमवायची?"

पुढे चढ होता म्हणून त्याला मला उतरवायचंच होतं, हे नंतर कळलं. तो चढ मी दृष्टान्तासकट पायी चढलो.

लेणं डोंगराच्या पोटात होतं. आतल्या दालनात, अखंड खडकात कोरलेला, छातीइतका उंच स्तूप. त्यावर भस्माचे पट्टे, माथ्यावर बेल, आणि वर टांगलेल्या घागरीतून थेंब थेंब पाणी. गावची गुरवीण तानूबाई शेणानं जमीन सारवत होती. मुलगा शेतात गेला की पूजा तीच करी.

"पाया पडा पावणं. म्हादेव हाय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण पंधरा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला चूक दिसली की राहवत नाही. मी तिला समजावलं, की हा महादेव नव्हे, स्तूप आहे. गुरूच्या अस्थींवर असे घुमट बांधत, त्याचीच ही दगडी प्रतिकृती. आणि ज्यांनी हे कोरलं ते आत्मा मानत नव्हते. मेल्यावर टिकून राहणारं असं काही नाही, हे त्यांचं मत.

तानूबाईनं हात धुतले. रागावली असेल असं वाटलं, पण ती विचार करत होती.

"काय ऱ्हात न्हाई म्हणत हुती?"

"नाही."

"आन् हाडं जपत हुती?"

"हो."

"त्येच्यासाठी डोंगर फोडला?"

"हो."

"मग पावणं, तुमास्नी त्येंचं निम्मंच कळलंय बगा."

दारात टेकलेला बाबालाल हसला. "आक्का, आमी पिराच्या कबरीवर चादर घालतो. पीर काय थंडीनं कुडकुडतोय व्हय? आपल्याला बगवत न्हाई उगडं, म्हणून घालायची."

वाद जिंकायला दोन हजार वर्षांच्या खडकाचा आधार घ्यायला आलो होतो. खडक त्या दोघांच्या बाजूनं निघाला.

तानूबाईनं लेण्याबाहेरच्या सावलीत जेवायला बसवलं. भाकरी, दही आणि खर्डा (वाटलेल्या हिरव्या मिरच्या). डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा तिनं दही पुढे सरकवलं. "कोण गेलंय तुमचं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं आणखी एक भाकरी वाढली, आणि जेवण होईपर्यंत त्या गडगडाटी मुलखातली ती दोन माणसं माझ्यासाठी गप्प बसली.

परतीच्या आगगाडीत मी पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटलं नाही. आत्मा असतो असं मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. परंतु तो नसतो हे ज्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक होतं, त्यांनीही छिन्नी खाली ठेवली नव्हती.

घरी सासूबाईंनी लेण्यांविषयी काही विचारलं नाही. "करू या," मी म्हणालो, आणि त्यांनी भटजींना निरोप धाडला.

श्राद्धाच्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. खीर उकळत होती. सासूबाईंनी वेलदोडे सोलायला घेतले.

"वेलदोडा नको," मी म्हणालो. "तिला आवडत नसे."

त्यांनी मान वर केली नाही. "का? कोण येणार आहे खायला?"

त्यांनी वेलदोडे परत डब्यात टाकले.