गाठ मारल्यावरची माळ

ये माय, जवळ ये. उंबऱ्यातच काऊन उभी राह्यली? शेजारची पोरगी तू, पाहुणी आहेस का? बस खाटेवर, अन् मागच्या डावासारखी अर्ध्यातून उठू नको.

माहा पाय मोडला तेव्हाची गोष्ट. प्लास्टर मांडीपर्यंत. सून वावरात जातानी बाहेरून कडी लावून जाये, माकडं घरात शिरतात म्हणून. आत आम्ही दोघी. मी खाटेवर, नात कम्प्युटरपुढं. कम्प्युटरच्या गणिताच्या स्पर्धेत ती दोनदा हुकली होती. आता तिसऱ्यानं निवड झाली तर पुण्याले शिकणं, नाही तर पोरगं पाहणं. माह्याच लेकानं सांगून टाकलं होतं.  मले कोणी इचारलंही नव्हतं.

सरावाचं एक गणित तिले तीन दिवसांपासून सोडत नव्हतं. गणित हजारो मण्यांचं, पण पोरगी अडकली सहाच्या नमुन्यात. तीन लाल, तीन पांढरे. गोल माळा किती तऱ्हेच्या? पोरगी म्हणे वीस. मशीन म्हणे चूक.

"आजी, मी कोंडल्या गेली याच्यात."

"मंग मी काय जत्रेत फिरून राह्यली का?"

हसली नाही पोरगी.

पोळा जवळ आला होता, बैलांच्या माळांसाठी मणी माह्या मांडीवरच होते. म्हटलं, तू कागदावरून सांग, मी ओवतो. चौथी माळ बांधली अन् माहा हात थांबला.

"हे तर पहिलीच आहे बाई! गाठ तेवढी सरकली."

"पण सुरुवात वेगळी आहे ना."

"गाठ मारल्यावर कुठची सुरुवात?"

वीसच्या चार झाल्या. मशीन तरी म्हणे चूक. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्या चारातल्या दोन माळा उचलल्या, एक उलटी केली. सारख्याच!

"बैलानं मान झटकली की माळ उलटते. मंग तिले नवी म्हणशील का?"

तिनं गणित पुन्हा वाचलं. उलटवून जुळली तर एकच, असं लिहेलच होतं त्यात. "तीन!" अशी जोरात वरडली का माकडं छपरावरून पळाली.

पुढच्या स्पर्धेत निवड झाली. बापानंच पुण्याच्या एस.टी.त बसवून देलं.

प्लास्टर निघालं, पण गुडघा काही वळत नाही. सून अजूनही कडी लावूनच जाते. त्या तीन माळा खुंटीवर आहेत, बैलाले घालू देल्या नाहीत मी. दिवसभर पाहत राहतो.

तू लवकर येजो माय. कडी बाहेरूनच असते, तूच काढून घेजो.