टाचा उचलून

मिस्त्रींना खरा राग होता तो डाव्या हाताचा. पन्नास वर्षं उजव्याच्या जिवावर ऐष केलेला तो हात ऐन वेळी कामाला लावला, तर त्याला धड शर्टाचं बटण लावता येईना. दाढी करताना गाल तीन ठिकाणी कापला. घास तोंडात जायचा सोडून मिशीत शिरायचा. "एवढा पोसला, पण काडीचा उपयोग नाही!" असं मिस्त्री मोठ्यानं म्हणायचे, आणि आतून बायको विचारायची, "मला म्हणालात का?"

उजवा खांदा दवाखान्यातून शिवून आणला होता. तीस वर्षं परांचीवर उभं राहून, हात डोक्यावर धरून छतांना गिलावा केला, त्यात आतला स्नायू झिजत झिजत शेवटी तुटला. डॉक्टरांनी तो टाके घालून हाडाला बांधला आणि सहा आठवडे हात झोळीत ठेवायला सांगितलं. छताला गिलावा करणारा माणूस म्हणजे सतत वर बघणारा माणूस. असा माणूस घरात बसला की काय होणार? ते खुर्चीत बसून आपल्याच घराच्या छताकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पंख्याशेजारी एक फुगवटा सापडला. तो त्यांनीच वीस वर्षांपूर्वी ठेवला होता. त्यावरून दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

भेटायला येणाऱ्यांनी तर उच्छाद मांडला. जगातल्या प्रत्येक माणसाला एक मेहुणा असतो आणि त्या मेहुण्याचा खांदा दुखत असतो, हे मिस्त्रींना आधी माहीत नव्हतं. कोणाचा मेहुणा नुसत्या शेकानं बरा झाला होता, कोणाचा अजून झाला नव्हता. शेजारचे निवृत्त मास्तर रोज यायचे आणि रोज सांगायचे, "दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या." चौथ्यांदा ऐकल्यावर मिस्त्री म्हणाले, "मास्तर, तुम्हीसुद्धा एकदा मुंगीच्या पावलानं जाऊन दाखवा." मास्तर आठवडाभर फिरकले नाहीत. बायकोनं त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

पण ही सगळी वरवरची चिडचिड. आतला घोर वेगळा होता. शहरात एका मोठ्या वाचनालयाचं काम निघालं होतं आणि त्याच्या मधल्या दालनाला घुमटासारखं गोल छत होतं. असं छत मिस्त्रींना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. सगळी चौकोनी, बुटकी, चार भिंतींत कोंबलेली. काम घेतलं होतं त्यांच्या जोडीदारानं. वयानं दहा वर्षांनी लहान, पण वीस वर्षं एकाच परांचीवर सोबत उभा राहिलेला. तो म्हणाला होता, "दादा, छत शेवटी ठेवतो. तुमची बोटं दाराच्या चौकटीच्या उंचीला पोचली की या. तोवर थांबतो."

झोळी सुटल्यावर दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी सांगितलं, भिंतीसमोर ताठ उभं राहायचं आणि बोटं हळूहळू वर चालवायची. जिथे थांबतील तिथे पेन्सिलीनं खूण करायची. मिस्त्रींनी आपल्या जाड पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. पहिली छातीशी, दुसरी तिच्यावर चार बोटं. दर रविवारी जोडीदाराचा फोन यायचा.

"कुठवर आलं, दादा?"

"खांद्याच्या वर."

"वा!"

पुढच्या रविवारी कानाशी. त्याच्या पुढच्या रविवारी डोक्याच्या वर. खुणा भराभर चढत होत्या, मिस्त्रींचा आवाज चढत होता, आणि बायको मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. कारण आंघोळीनंतर त्यांच्या डोक्याला टॉवेल अजून तीच लावत होती.

पाचव्या आठवड्यात तिनं हत्यारांच्या पेटीतून ओळंबा काढला. हे घर बांधताना त्याची दोरी तिनंच धरली होती, त्यामुळे तिला काही शिकवायला नको होतं. कॅलेंडरच्या खिळ्याला तिनं तो बांधला. दोरी मिस्त्रींच्या डाव्या कानाजवळून सरळ खाली आली.

"हे काय?"

"चढवा बोटं. दोरी हलता कामा नये आणि टाचा जमिनीला."

मिस्त्रींनी बोटं चालवली. खांद्यापर्यंत ठीक होतं. पुढे गेल्याबरोबर त्यांचं अंग डावीकडे झुकलं, कान दोरीला लागला आणि ओळंबा भिंतीवर टक्‌ करून आपटला. परांचीवर हात पुरला नाही की असंच कंबर काढून, टाचा उचलून पोचायचं असतं. तीस वर्षांची सवय. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा टक्‌. तिसऱ्या वेळी दात खाऊन ते ताठ राहिले, आणि बोटं हनुवटीशी थांबली. बायकोनं तिथे खडूची रेघ ओढली. पेन्सिलीची शेवटची खूण त्या रेघेच्या हातभर वर होती.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?" मिस्त्री ओरडले.

"भिंतीच्या," ती म्हणाली. "ती तरी सरळ आहे."

दुसऱ्यांच्या भिंती सूतभर कलल्या म्हणून पाडायला लावणारा माणूस पाच आठवडे स्वतःच कलून उभा होता. मिस्त्रींना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

रविवारी फोन आला नाही, जोडीदार स्वतःच आला. चहाचा कप हातात धरून तो वरच्या खुणेकडे बघत राहिला. त्याचा चेहरा काही खुलला नाही. बायको आत निघून गेली.

मिस्त्रींनी घसा साफ केला. "ती खूण खोटी आहे. खरी ती खडूची. मला नाही जमायचं इतक्यात. तू दुसरा माणूस बघ."

"बरं झालं," जोडीदाराच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं जीभ चावली. "म्हणजे, दादा, एक पोरगा बघितलाय. वरून घाई आली. छत दोन आठवड्यांपूर्वीच झालं. तुम्ही फोनवर इतक्या उमेदीनं सांगायचात, मला सांगायचा धीर होईना."

म्हणजे गेले काही रविवार फोनच्या दोन्ही टोकांना खोटंच चाललं होतं. मिस्त्रींना संताप आला. दाराकडे बोट दाखवून त्याला हाकलून द्यावं असं वाटलं. पण तोंडून आलं ते वेगळंच.

"कसं झालंय?"

जोडीदारानं कप खाली ठेवला.

"कडेला कुठे लहर? उजेड पडला की दिसते बघ. जोडाला चीर?"

"नाही, दादा. चांगलं झालंय."

मिस्त्री खुर्चीत बसले. एखादी तरी लहर निघायला हवी होती, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. बोटभर. कोणाला न दिसणारी, फक्त त्यांना दिसणारी.

"तो पोरगा कितीचा आहे?"

"सव्वीसचा."

"मग सोडू नकोस त्याला," मिस्त्री म्हणाले आणि तोंड फिरवून बसले, कारण डोळे पुसायला वर पोचणारा हात होता तो डावा, आणि जोडीदारासमोर त्याची फजिती त्यांना नको होती.