बुधवारची सभा वत्सलाबाईंच्या घरी

युसूफ वडगाव या गावात वत्सलाबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्या तावडीतून लवकर सुटलेला तर मुळीच नाही. दळण आणायला निघाल्या तर वाटेत चार घरी टेकणार, पाचव्याला हाक मारणार. अशा बाईच्या वाट्याला या हिवाळ्यात रिकामं घर आलं. नवरा उत्तरेश्वर उन्हाळ्यात वारला. दिवाळी होताच मुलगा जालिंदर बायकोला घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेला. उरल्या वत्सलाबाई, एक खोली आणि पुढचं अंगण.

तरी त्या खचल्या नव्हत्या. चुलीपुढे बसून येशूशी मोठ्यानं बोलायच्या. भाकरी करपली तर ते सांगायच्या, जालिंदरचा फोन आला नाही तर त्याचं गाऱ्हाणंही येशूलाच. शेजारची दीपमाला एकदा भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, "मावशी, कुनाशी भांडताव?"

"भांडत न्हाई गं. येशूशी बोलतीय. तो हाय म्हून तर हाय मी. पन दीपे, येशू चहा पीत न्हाई!"

दीपमाला बौद्धाघरची. तिला प्रार्थनेतलं फार कळत नसलं तरी चहाचं बरोबर कळलं. ती लगेच कप घेऊन आली.

वत्सलाबाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. गावात ख्रिस्ती घरं मोजकी. रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये उपासना, आणि बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी सभा. गाणी, बायबलचं वचन, प्रार्थना आणि शेवटी घरच्यांचा चहा. उत्तरेश्वर होता तोवर या खोलीत सभा दणक्यात व्हायची. तो गेल्यावर वत्सलाबाईंची पाळी आली आणि सभा त्यांना वगळून पुढच्या घरी गेली. विसरले असतील, असं म्हणून त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यांनी कडूबाईंना गाठलं. कोणाकडे कधी सभा, हे कडूबाईच ठरवायच्या.

"अवो, तुमी एकट्या, गुडघे दुखतेत," कडूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "एवढ्या मानसांचा तरास तुमाला कावून? तुमी आराम करा."

बाई मायेनं बोलली होती, म्हणून तर वत्सलाबाईंना उलट बोलताही येईना. पण घरी येईपर्यंत तो शब्द त्यांच्या काळजात रुतून बसला. आराम! म्हणजे आता आपल्या उंबऱ्यावर देवाची माणसं यायचीच नाहीत. असंच चाललं तर उद्या आपणही चर्चमध्ये पाहुण्यासारख्या बसू लागू. त्या रात्रभर कुढल्या आणि सकाळी त्यांना एक नामी युक्ती सुचली. सुचली तशा त्या एकट्याच हसत सुटल्या.

रविवारी उपासनेत चर्चचे धर्मगुरू, पाळक रामप्रसाद यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाची प्रार्थनेची विनंती?" कोणी म्हशीसाठी सांगितलं, कोणी पोराच्या परीक्षेसाठी. मग वत्सलाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"एक बाई हाय," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "नवरा गेला, पोरगं कारखान्यावर. तिच्या घरी प्रार्थनेला कुनीच येईना. लई झुरतीय बिचारी. प्रभूनं तिच्या घरी मानसं धाडावी, एवढंच मागा."

सगळ्यांचा जीव कळवळला. पाळकांनी आवाज चढवून प्रार्थना केली. कडूबाई तर हुंदके देत "धाड रे बापा, आजच धाड!" म्हणू लागल्या. शेवटचं आमेन असं घुमलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

पाळकांनी डोळे पुसले. "मावशी, कुठल्या गावची ही बाई? आपण सगळे जाऊ तिच्याकडे."

"ह्याच गावची. तुमच्या म्होरं हुबी हाय!" वत्सलाबाईंनी मान वर केली. "आता देवापाशी बोल्लात, फिरू नगा. बुधवारी सांजच्याला या."

मग मागच्या सतरंजीवर कोणीतरी खुदकन हसलं आणि सगळं चर्च हसायला लागलं. कडूबाईंचा चेहरा मात्र लालेलाल. "आमी तर तुमाला तरास नको म्हून..."

"तरासच पायजे मला, कडूबाई. आराम लई झाला."

त्या दिवसापासून वत्सलाबाईंच्या अंगात वारं शिरलं. गुडघे कुठे गेले कोण जाणे! अंगण सारवलं, भांडी घासली, चहा-साखर आणली. दीपमालानं तिच्याकडचं मोठं पातेलं दिलं, गल्लीतून कप गोळा केले आणि सतरंजी अंथरून दिली. जालिंदरचा फोन आला तर "आता टाइम न्हाई, सभा हाय आपल्यात!" म्हणून यांनीच ठेवून दिला. बिचारा पोरगा हबकलाच.

बुधवार उजाडला आणि बघता बघता मावळायलाही आला. वत्सलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. दिवेलागण झाली तरी रस्त्यावर चिटपाखरू नाही. भर चर्चमध्ये सगळ्यांना कोंडीत धरलं, हसली माणसं तेव्हा, पण मनात राग धरला असेल तर? कडूबाई नाही म्हणाल्या तर कोण येणार? "येशूबापा," त्या पुटपुटल्या, "माझी जीभ लांब हाय, तुला ठावं हाय. त्याची शिक्षा ह्याच्यात नको देऊस."

तेवढ्यात लांबून ढोलकीचा आवाज आला. मग टाळ. मग गाणं! वत्सलाबाई धावतच कोपऱ्यापर्यंत गेल्या. पुढे ढोलकीवाला, मागे पाळक, बायका, कडेवरची पोरं, आणि ढोलकीवाल्याच्याही पुढे काखेत दोन चटया घेतलेल्या कडूबाई. प्रत्येक घरासमोर थांबून, हाका मारून, एकेकाला बाहेर काढत त्या आल्या होत्या, म्हणून उशीर.

"एक मानूस मागं ठेवलं न्हाई बघा!" कडूबाई धापा टाकत म्हणाल्या.

खोली भरली, अंगण भरलं, चपलांची रांग दीपमालाच्या दारापर्यंत गेली. गाण्यांना असा रंग चढला की दीपमालाही चौकटीला टेकून टाळ्या वाजवू लागली. चहा ओतायला कडूबाई उठल्या, तर वत्सलाबाईंनी त्यांना दटावलं, "बसा खाली. घर माझं हाय." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः प्रत्येकाच्या हातात कप दिला.

शेवटची प्रार्थना यजमानानं करायची, ही सभेची रीत. या घरात ती उत्तरेश्वर करायचा. त्याच्या प्रार्थनेत चहा निवायचा, अशी सगळ्यांची तक्रार असायची. आता माना खाली गेल्या. "मावशी, मी करू का?" पाळकांनी हळूच विचारलं. वत्सलाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी हात जोडले. मागायचं खूप होतं, जालिंदरसाठी, सुनेसाठी, गुडघ्यांसाठी. पण जन्मभर बोलण्यात न हरलेल्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी डोळे किलकिले केले. समोर मिटल्या डोळ्यांची माणसं, मांडीला मांडी लावून, त्यांच्यासाठी थांबलेली.

"बापा," त्या कशाबशा म्हणाल्या, "मानसं पोचली. आमेन."

"आमेन," कडूबाईंनी पदरानं नाक पुसत म्हटलं. मग चहा झाला, कप रिकामे झाले, पण उठायचं नाव कोणी घेईना.