लायनर अजून चालतील

सिल्वासाला आम्ही नोकरीनिमित्त आलो ते कोकणातून. यजमान सरकारी कचेरीत, मी शाळेत. नव्वदच्या आसपास ह्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तेव्हापासून घरात माझ्यापेक्षा तिचेच लाड जास्त होऊ लागले.

तिच्या ब्रेकचा आवाज पहिल्यांदा मीच ऐकला. आधी नुसती बारीक किरकिर, मग पत्र्यावर खिळा ओढावा तशी खरखर. पेडलही दिवसेंदिवस खाली जाऊ लागलं. एकदा दाबून पुरेना, दोनदा मारावं लागे. "ब्रेकचे लायनर संपलेत," मी म्हणाले. तुला काय कळतं, असं हे म्हणाले नाहीत, पण मिशीतल्या मिशीत हसले.

गॅरेजवाला धुळ्याकडचा. त्याने चाकामागचा नट पान्याने आवळला आणि जीप पुढे-मागे करून पाहिली. "लायनर पातळ झालेत साहेब, पण टाईट करून देऊ राहिलो ना. चालेल." शेजारच्या दुकानातले गुजराती काका चहा पिता पिता म्हणाले, "चालशे, चालशे." सायकलचं पंक्चर काढायला थांबलेल्या एका बिहारी कामगारानेही "चलेगा" म्हणून मान डोलावली. आमच्या गावात एरवी तीन माणसांचं कशावर एकमत होत नसे, या एका शब्दावर मात्र लगेच व्हायचं. मी चिडून विचारलं, "गाडी चालेल हो, थांबेल का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

आवळल्यावर ब्रेक अगदी नव्यासारखा लागायचा, हीच तर मेख होती. आत लायनर झिजतच होते, वरून कळत नव्हतं एवढंच. नवे वापीहून आणावे लागत, त्यासाठी जीप दोन दिवस उभी राहिली असती, आणि ह्यांना ती उभी बघवत नसे. आजचं मरण उद्यावर ढकलायची कचेरीतली सवय घरीही आली होती. खरखर वाढली की पुन्हा पाना. शेवटी नट फिरेनासाच झाला. "आता जागाच नाही उरली," गॅरेजवाला म्हणाला, "सोमवारी खोलू." पुढे चाकांतले ब्रेकचे ड्रम उघडले तेव्हा लायनर कागदाएवढे पातळ उरले होते आणि ते बसवलेल्या रिवेटनी ड्रमला खोल चरे पाडले होते.

पण त्या सोमवारच्या आधी रविवार होता. पाहुणे येणार म्हणून दुधनीला धरणाच्या काठी मासे आणायला निघायचं ठरलं. मी नको नको म्हणत होते. "हळू नेतो," हे म्हणाले. वाटेत जळका वास येऊ लागला. "कुठेतरी शेतात राब भाजत असतील," हे म्हणाले. मी परत फिरा म्हणून भांडले. ह्यांनी ऐकलं नाही.

दुधनीला रस्ता सरळ पाण्याकडे उतरतो. उताराच्या तळाशी एक म्हातारी माशांची टोपली घेऊन बसली होती. ह्यांनी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, जीप थोडी कचरली आणि तशीच उतरत राहिली. "बाजूला व्हा! आजी, बाजूला!" मी ओरडत होते. म्हातारी आमच्याकडे बघत होती, पण हलत नव्हती. येणारी प्रत्येक गाडी तिच्यापुढेच येऊन थांबायची. आमचीही थांबणार, असंच तिला वाटत होतं.

अगदी शेवटी ह्यांनी जीप कडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली. बंपर आणि टोपली यांच्यात हातभर जागा उरली होती. धूळ खाली बसली, तशी म्हातारीने एक मासा उचलून माझ्यापुढे धरला.

"घे बाय, ताजा हाय."

मला रडूच फुटलं. हे अजून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसले होते.